‘कांदा ची आवक’ का होते? एका तक्त्यातून तीन भाषांत वाक्यं

बाजारभावाच्या मेसेजमध्ये असं वाक्य हमखास भेटतं: ‘पुणे मध्ये कांदा ची आवक वाढला’. हे वाक्य मराठी न येणाऱ्या माणसाने लिहिलेलं नाही. ते कुणी लिहिलेलंच नाही. एक साचा आहे, त्यात रिकाम्या जागा आहेत, आणि तक्त्यातला शब्द जसाच्या तसा त्या जागेत येऊन बसतो. इंग्रजीत असा साचा बराच काळ निभावतो, कारण तिथे नाम वाक्यात कुठेही गेलं तरी फारसं बदलत नाही. मराठीत प्रत्यय लागायच्या आधीच नाम वाकतं. कांदा ‘कांद्या’ होतो, पुणे ‘पुण्या’ होतं, आणि आवक स्त्रीलिंगी म्हणून क्रियापद ‘वाढली’ होतं. साच्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

जो माणूस हा मेसेज पाहून ट्रॅक्टर भरायचा की नाही ते ठरवतो, त्याला त्याची भाषा धड मिळायला हवी. हे जमण्यासारखं आहे. साच्याऐवजी संगणकाला चालवता येईल असं व्याकरण लिहायचं, आणि तक्त्यातल्या एकाच नोंदीतून मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तिन्ही वाक्यं काढायची. त्यासाठी मला सर्वांत भरवशाचं वाटणारं साधन म्हणजे ग्रॅमॅटिकल फ्रेमवर्क, थोडक्यात जीएफ. फिनलंडचे आर्ने रांता यांनी १९९८ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलजवळ झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात त्याची सुरुवात केली. पुढे ते स्वीडनमधल्या गोथेनबर्गला वाढलं. ते हॅस्केल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं आहे आणि मोफत मिळतं. आकड्यांपासून अनेक भाषांत वाक्यं काढण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी. कॅनडात सरकारी हवामान अंदाज इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत संगणकाकडून लिहून घ्यायचं काम १९९० च्या दशकातच चालू होतं.

जीएफमध्ये दोन थर असतात. एक अमूर्त व्याकरण: काय सांगायचं आहे. आणि प्रत्येक भाषेसाठी एक मूर्त व्याकरण: ते त्या भाषेत कसं म्हणायचं. अमूर्त व्याकरणातून एक झाड तयार होतं, आणि तेच झाड प्रत्येक मूर्त व्याकरण आपापल्या परीने शब्दांत उतरवतं. खाली मी फलांची (म्हणजे फंक्शनांची) नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन अक्षरांत लिहा.

झाड निरोपाचं हवं, वाक्याचं नको

बहुतेकांचं पहिलं पाऊल इथेच चुकतं. शाळेत शिकलेलं कर्ता-कर्म-क्रियापद डोक्यात असतं, म्हणून अमूर्त व्याकरणात ‘वाक्य म्हणजे नामपद अधिक क्रियापद’ असं लिहिलं जातं. मग हे तीन निरोप पाहा:

मराठी: कांद्याला क्विंटलमागे सरासरी १७०० रुपये भाव मिळाला.
हिंदी: प्याज का औसत भाव १७०० रुपये प्रति क्विंटल रहा.
इंग्रजी: अनियन्स सोल्ड ॲट ॲन ॲव्हरेज ऑफ १७०० रुपीज पर क्विंटल.

मराठीत कांदा चतुर्थीत आहे आणि क्रियापद भावाशी जुळतं. हिंदीत कांदा षष्ठीत आहे. इंग्रजीत तोच कर्ता आहे आणि जणू स्वतःच विकला जातो आहे. अमूर्त व्याकरणात कर्ता ठरवून टाकला, तर तिघांपैकी दोन भाषांत भाषांतराचा वास येणार. झाड असं ठेवा: सरासरीभाव(कांदा, लासलगाव, १७००). त्यात माल आहे, बाजार आहे, रक्कम आहे. कोण कर्ता आणि कोणाला ‘ला’ लावायचं, ते मूर्त व्याकरणाने बघावं.

बाजारभावाच्या पत्रकासाठी पाच प्रवर्ग पुरतात: माल, बाजार, मोजमाप (भाव किंवा आवक), कल (वाढ, घट, स्थिर) आणि निरोप. फलं सुरुवातीला सात-आठ: कलसांग(माल, बाजार, मोजमाप, कल), सरासरीभाव, किमानकमाल, एकचभाव, आवकझाली, लिलावबंद, आणि दोन निरोप जोडणारी एक-दोन. यातलं ‘एकचभाव’ विसरू नका. किमान आणि कमाल आकडा सारखाच आला की ‘किमान १७००, कमाल १७०० रुपये’ असं वाक्य बाहेर पडतं आणि वाचणारा थबकतो. ‘लिलावबंद’ही तितकंच गरजेचं. तक्त्यात ० आला की त्याचा अर्थ भाव शून्य झाला असा नसतो. त्या दिवशी लिलाव झालेच नाहीत असा बहुधा असतो. कुठलं फल वापरायचं हा निर्णय व्याकरणाच्या आधी, आकडे वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घ्यायचा. व्याकरणाला आकड्याची किंमत दिसत नाही.

सामान्यरूप: खरी मेहनत इथे

मराठी नामासाठी किमान चार रूपं साठवावी लागतात: एकवचन आणि अनेकवचन, प्रत्येकाचं सरळ आणि सामान्यरूप. सोबत लिंग. जीएफमध्ये शब्दाचा शेवट पाहून रूपं बनवणारं फल लिहिता येतं, आणि देवनागरीची इथे एक सोय आहे. युनिकोडात काना हे स्वतंत्र अक्षरचिन्ह आहे, त्यामुळे ‘कांदा’ हा शब्द ‘कांद’ आणि काना असा सहज तुटतो. काना काढा, हलन्त, ‘य’ आणि काना लावा, ‘कांद्या’ तयार. बटाटा-बटाट्या, मका-मक्या याच वाटेने जातात.

मग हरभरा येतो. त्याच नियमाने ‘हरभर्या’ होतं, म्हणजे र चा रफार होऊन य च्या डोक्यावर जाऊन बसतो. आपल्याला हवं आहे ‘हरभऱ्या’. म्हणून ‘रा’ने संपणाऱ्या शब्दांचा नियम साध्या काना-नियमाच्या वर ठेवा, आणि तिथे र च्या जागी ऱ लिहा. जीएफ नियम वरून खाली तपासतं आणि पहिला जुळणारा घेतं, त्यामुळे क्रम चुकला की ‘रा’चा नियम असूनही लागत नाही. खोबरं, सातारा, भंडारा हे सगळे याच नियमाचे गिऱ्हाईक: खोबऱ्याचा भाव, साताऱ्यात, भंडाऱ्यात. ‘री’ने संपणारे पुल्लिंगी शब्दही: शेतकरी-शेतकऱ्या, व्यापारी-व्यापाऱ्या.

या ऱ बद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण यात फार वेळ जातो आणि चूक डोळ्यांना दिसत नाही. ‘ऱ्या’ टंकायचे निदान तीन मार्ग आहेत. एक, युनिकोडातलं ०९३१ क्रमांकाचं ऱ. दोन, साध्या र खाली नुक्ता (टिंब) देऊन. तीन, र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, जो काही जुन्या कीबोर्डांतून येतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. जीएफला ते तीन वेगळे शब्द वाटतात. शब्दसूची दोघांनी दोन कीबोर्डांवर टंकली असेल, तर नियम अर्ध्या शब्दांना लागतो आणि अर्ध्यांना लागत नाही. सगळ्या फाइली व्याकरणात जाण्याआधी युनिकोडच्या ‘एनएफसी’ रूपात (वेगवेगळ्या तऱ्हेने टंकलेलं एकच अक्षर एकसारखं करणाऱ्या रूपात) आणा, आणि जोडकवाला प्रकार वेगळा शोधून बदला, कारण एनएफसी त्याला हात लावत नाही. हिंदीत उलटी गंमत आहे. ‘बढ़ी’तला ढ़ एनएफसी केल्यावर ढ आणि नुक्ता असा दोन चिन्हांत सुटतो. म्हणजे मराठी ऱ एकसंध राहतो आणि हिंदी ढ़ तुटतो. नियम लिहिताना हे डोक्यात ठेवावं लागतं.

पुढचा खड्डा म्हणजे उपान्त्य दीर्घ ऊ आणि ई. तूर-तुरी, मूग-मुगा, सोलापूर-सोलापुरा इथे ऊ ऱ्हस्व होतो. पण कापूस-कापसा, उडीद-उडदा इथे तो स्वर गळूनच पडतो, आणि नाशिक-नाशका इथे ऱ्हस्व इ सुद्धा. शब्दाच्या नुसत्या अक्षरांवरून यातलं कुठलं होणार हे ठरवता येत नाही. मी म्हणेन, त्यासाठी हुशार नियम शोधूच नका. ऱ्हस्व होण्याचा नियम लिहा, आणि स्वर गळणारे शब्द हाताने, दोन्ही रूपं देऊन सूचीत घाला. पन्नास मालांच्या सूचीत असे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. गहू-गव्हा हा तर एकटाच. त्याच्यासाठी वेगळी ओळ लिहायची आणि पुढे जायचं. सोयाबीन आणि टोमॅटो मात्र वाकतच नाहीत: सोयाबीनची आवक, टोमॅटोचे भाव. परक्या शब्दांसाठी ‘न वाकणारा’ असा एक वेगळा वर्ग ठेवा.

अकारान्त स्त्रीलिंगी शब्दांत दोन गट आहेत: तूर-तुरी आणि चिंच-चिंचे. लिंग तेच, शेवट तोच, तरी सामान्यरूप वेगळं. यावर उपाय साधा आहे. या गटातल्या शब्दांसाठी फलाला अनेकवचनही द्या. अनेकवचन ‘तुरी’ असेल तर सामान्यरूप ‘तुरी’. अनेकवचन ‘चिंचा’ असेल तर सामान्यरूप ‘चिंचे’. बोलणाऱ्याला चिंचचं अनेकवचन विचारलं की तो लगेच सांगतो, सामान्यरूप विचारलं की बावचळतो, म्हणून सूची भरून घेतानाही हाच प्रश्न बरा. कुठे अडलात तर मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या व्याकरणातला सामान्यरूपांचा भाग उघडून बसा. शंभर वर्षांनंतरही या कामाला त्याचा थेट उपयोग होतो.

गावांची गोष्ट त्या मानाने सोपी आहे, जर प्रत्येक गावाचं सामान्यरूप आधी काढून ठेवलं तर. मग सप्तमीला एकच नियम: सामान्यरूपाला ‘त’ जोडा. लासलगावा-त, पुण्या-त, सांगली-त, नाशका-त, सोलापुरा-त, जालन्या-त. गोंदिया हा अपवाद, तो जसाच्या तसा राहतो: गोंदियात. ‘मध्ये’ टाळा. ‘पुण्यामध्ये’ चुकीचं नाही, पण पत्रकात प्रत्येक ओळीला ‘मध्ये’ आलं की मराठी कागदी वाटू लागते.

चिकटवायचं कसं

जीएफमध्ये जोडण्याच्या दोन खुणा आहेत. दोन अधिकचिन्हं म्हणजे शेजारी ठेवा, मध्ये मोकळी जागा येईल. एक अधिकचिन्ह म्हणजे अक्षरं चिकटवा. मराठी लिहिणारा साहजिकच ‘माल’च्या सामान्यरूपाला एका अधिकचिन्हाने ‘ची’ चिकटवायला जातो आणि व्याकरण बांधताना (कंपाइल करताना) ‘टोकन, म्हणजे सुटा शब्द, चिकटवणं चालत नाही’ अशा अर्थाची चूक येते. कारण असं: एक अधिकचिन्ह फक्त व्याकरण बांधताना ठाऊक असलेल्या अक्षरांवर चालतं. शब्दसूचीत ‘कांद’ला ‘्या’ लावताना ते ठीक आहे. पण वाक्याच्या फलात माल कुठला येणार हे तेव्हा ठाऊक नसतं.

दोन मार्ग उरतात. पहिला, प्रत्यय लागलेली सगळी रूपं सूचीतच बनवून ठेवायची. ‘चा’ हा प्रत्यय पुढच्या नामाशी जुळतो, म्हणजे तीन लिंगं, दोन वचनं, सरळ आणि सामान्य अशी १२ घरं. माल एकवचनी किंवा अनेकवचनी, म्हणून २४. त्यात ला, ने, त वेगळे. दुसरा मार्ग, फक्त सामान्यरूप साठवायचं आणि प्रत्ययाआधी ‘बाइंड’ नावाचं खास टोकन ठेवायचं. ते सांगतं की बाहेर पडताना इथली मोकळी जागा काढून टाक. मराठीसाठी हा दुसरा मार्गच बरा. मात्र जीएफच्या शेलमध्ये (आज्ञा टंकायच्या खिडकीत) वाक्य काढताना बाइंडचा पर्याय द्यायला विसरलात, तर ‘कांद्या &+ ची आवक’ असं काहीतरी दिसतं आणि माणूस उगाच शब्दसूचीत चूक शोधत बसतो. पूर्णविराम आणि स्वल्पविराम यांच्याआधीही बाइंड लागतं, नाहीतर ‘वाढली .’ असं वाक्य निघतं.

विशेषणं जोडताना ‘पांढरा कांदा’ आणि ‘लाल कांदा’ दोन्ही तपासा. लाल बदलत नाही. पांढरा मात्र ‘पांढऱ्या कांद्याची’ होतो. मालाचं रूप सामान्य झालं की विशेषणही सामान्यरूपात जातं. साच्यांतून येणारं ‘पांढरा कांद्याची’ हे सगळ्यांत खुपणारं.

भाव उतरतात, आवक घटते

अमूर्त व्याकरणात ‘घट’ हा एकच कल आहे. पण मराठीत भाव उतरतात किंवा घसरतात, आवक घटते. हिंदीत भाव गिरते हैं, आवक घटती है. क्रियापद कलावरून निवडलं तर ‘आवक उतरली’ असं निघेल. ते कळतं, पण बाजार समितीत कुणी तसं म्हणत नाही. म्हणून क्रियापदं मोजमापाच्या नोंदीत ठेवा. भावाची नोंद अशी: नाम ‘भाव’, वाढ ‘वाढले’, घट ‘उतरले’, स्थिर ‘टिकून राहिले’. आवकेची अशी: नाम ‘आवक’, वाढ ‘वाढली’, घट ‘घटली’, स्थिर ‘कालइतकीच राहिली’. यात एक जास्तीचा फायदा आहे: लिंग-वचन जुळवायचा प्रश्नच उरत नाही, कारण रूपं आधीच जुळलेली आहेत.

भाव इथे अनेकवचनी आहे हेही बघा. ‘कांद्याचे भाव वाढले’ म्हणतो, पण ‘कांद्याला भाव मिळाला’ एकवचनी. दोन्ही बरोबर, दोन्ही बाजारातले. म्हणून भावाचं वचन शब्दाला चिकटवू नका. ते वाक्याच्या फलात ठरू द्या.

मालाचं मात्र उलटं आहे. कांद्याची आवक, तुरीची आवक, गव्हाची आवक हे एकवचनात. द्राक्षांची आवक, केळ्यांची आवक हे अनेकवचनात. कारण ढिगाने मोजायचा माल की नगाने पाहायचा, असं काहीसं असावं, पण नियम बांधता येत नाही. मालाच्या नोंदीत लिंगाशेजारी ‘बाजारातलं वचन’ असं एक घर ठेवा आणि प्रत्येक मालासाठी भरा. हिंदीत ‘अंगूर की आवक’ म्हणतात, तिथे हे घर लागत नाही. इंग्रजीत आवक ‘अरायव्हल्स’ म्हणून अनेकवचनी होते आणि माल एकवचनात राहतो. तीन भाषांची तीन तऱ्हेची गरज, आणि झाड मात्र तेच.

कोणी आणला, काय आणलं

‘शेतकऱ्यांनी १२०० क्विंटल कांदा आणला’ हा निरोप घ्या. मराठीत हा कर्मणी प्रयोग: कांदा आणला, ज्वारी आणली, सोयाबीन आणलं, द्राक्षं आणली. क्रियापद मालाशी जुळतं, क्विंटलशी नाही आणि शेतकऱ्यांशीही नाही. त्यामुळे क्रियापदाच्या भूतकाळाची सहा रूपं लागतात आणि मालाचं लिंग व बाजारातलं वचन तिथवर पोचवावं लागतं.

हिंदी मराठीसारखीच असेल असं धरून चालणारे इथे फसतात. हिंदीतही ‘ने’ची रचना आहे, ‘किसानों ने ज्वार बेची’. पण ‘लाना’ या क्रियापदाला ‘ने’ लागत नाही: ‘किसान १२०० क्विंटल ज्वार लाए’. क्रियापद शेतकऱ्यांशी जुळलं. मराठीतही ‘विसरणे’सारखी सकर्मक क्रियापदं आहेत ज्यांचा कर्ता ‘ने’ घेत नाही: तो पावती विसरला. म्हणजे ही गोष्ट भाषेची नसून एकेका क्रियापदाची आहे. क्रियापदाच्या नोंदीत ‘कर्त्याला ने लागतो का’ असं एक घर हवं, आणि ते प्रत्येक भाषेत स्वतंत्र भरलेलं हवं. जीएफच्या व्याकरण-ग्रंथालयात तीसहून जास्त भाषांची वाक्यरचना तयार मिळते, हिंदी आणि इंग्रजी त्यात आहेत, त्यामुळे त्या दोन भाषांचं बरंचसं काम तिथून उचलता येतं. त्या ग्रंथालयात हिंदी आणि उर्दू यांची वाक्यरचना एकाच सामायिक भागात लिहिलेली आहे, फक्त शब्द वेगळे. पत्रकाला चौथी भाषा म्हणून उर्दू जोडायची असेल तर मुख्यतः सूचीच भरावी लागते.

आकडे

जीएफमध्ये पूर्णांक थेट झाडात ठेवता येतो, पण तो जसाच्या तसा इंग्रजी अंकांत छापला जातो आणि व्याकरणाला तो १ आहे की ५ हे कळत नाही. त्यामुळे ‘१ पोतं, ५ पोती’ किंवा ‘१ रुपयाने, २०० रुपयांनी’ हा फरक हवा असेल तर दोन फलं करा आणि निवड बाहेरच्या प्रोग्रॅमवर सोपवा. नागरी अंक आणि १,२५,००० अशी आपल्याकडची स्वल्पविरामांची रीतही बाहेर करून, तयार मजकूर म्हणून आत पाठवणं सोपं.

फोनवर बोलून दाखवायचा निरोप असेल तर आकडा शब्दांत लागतो, आणि इथे मराठी बाजाराची स्वतःची रीत आहे. १७५० ला ‘एक हजार सातशे पन्नास’ म्हणणारं यंत्र लगेच ओळखू येतं. माणूस ‘साडेसतराशे’ म्हणतो. नियम असा: शेकडा काढा, बाकी पाहा. बाकी २५ असेल तर सव्वा, ५० असेल तर साडे, ७५ असेल तर पावणे आणि पुढचा शेकडा. १७२५ सव्वासतराशे, १७७५ पावणेअठराशे. अपवाद ठरलेले आहेत: १२५ सव्वाशे, १५० दीडशे, २५० अडीचशे, ७५ पाऊणशे. हजारांच्या बाबतीत २२५० सव्वादोन हजार, २५०० अडीच हजार, २७५० पावणेतीन हजार. बाकी यांपैकी कुठलीच नसेल तर साधं वाचन. १ ते ९९ चे शब्द मात्र सगळे हातानेच भरावे लागतात. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस या रांगेत नियम दिसतो, पण इतर ठिकाणी तो पुन्हा पुन्हा मोडतो.

बोलण्याचा निरोप म्हणजे ‘सोयाबीन आलं’, छापील पत्रक म्हणजे ‘सोयाबीन आले’. एकाच अमूर्त व्याकरणाला मराठीचीच दोन मूर्त व्याकरणं लावता येतात, एक बोली आणि एक छापील. शब्दसूची सामायिक ठेवा, फरक पडतो ती मोजकी रूपंच वेगळी लिहा.

दोन निरोप एका वाक्यात

‘लासलगावात कांद्याची आवक वाढली. लासलगावात कांद्याचे भाव उतरले.’ हे बरोबर आहे पण वाचवत नाही. ‘लासलगावात कांद्याची आवक वाढली आणि भाव उतरले’ असं हवं. त्यासाठी निरोपाची नोंद एकाच मजकुराची न ठेवता दोन घरांची ठेवा: पूर्ण आणि आटोपशीर. दुसऱ्या निरोपाचं आटोपशीर घर वापरलं की गाव आणि माल आपोआप गळतात. आवक वाढली आणि भावही वाढले तर ‘पण’, आवक वाढून भाव उतरले तर ‘आणि’. ही निवडही बाहेर करा आणि दोन वेगळी जोडफलं ठेवा. ‘आवक वाढल्याने भाव उतरले’ हे वाक्य कितीही सुबक वाटलं तरी काढू नका. तक्त्यात कारण लिहिलेलं नाही. जे आकड्यांत नाही ते व्याकरणाने सांगू नये.

आजची भाषामॉडेलं असं पत्रक सहज लिहून देतात आणि त्यांची मराठी पुष्कळदा गोड असते. पण २१५० चा एखादा २५१० झाला, किंवा न सांगितलेलं कारण वाक्यात शिरलं, तर ते शोधायला रोज माणूस बसवावा लागेल. भावाच्या निरोपात ती जोखीम घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. शब्दसूचीचा पहिला खर्डा त्यांच्याकडून करून घ्यायला हरकत नाही. नंतर प्रत्येक ओळ मराठी माणसाने डोळ्यांखालून घालावी.

तपासणी

समजा १२ माल, १५ बाजार, २ मोजमापं आणि ३ कल. नुसत्या ‘कलसांग’ची १०८० वाक्यं होतात. सगळी वाचायची गरज नाही. एकच बाजार ठेवून सगळे माल काढा, मग एकच माल ठेवून सगळे बाजार. जीएफला झाडं पाडून तिन्ही भाषांत शेजारी-शेजारी छापायला सांगता येतं. ती यादी फाइलीत साठवा, दोघांनी वाचा, दुरुस्त करा आणि दुरुस्त यादी जपून ठेवा. व्याकरणात काहीही बदललं की नवी यादी काढून जुनीशी ओळीओळीने पडताळा. ‘रा’चा नियम एका शब्दासाठी हलवला आणि साताऱ्यात गडबड झाली, हे या पडताळणीशिवाय कळत नाही.

निरोप पाठवण्याआधी आणखी एक आज्ञा चालवा: कुठल्या भाषेत कुठलं फल उतरवायचं राहिलं आहे ते जीएफ सांगतं. हे न केल्यास राहिलेल्या जागी चौकटी कंसात फलाचं रोमन नाव छापलं जातं, आणि तेच मेसेजमध्ये जातं.

बांधायला खूप वेळ लागायला लागला तर नोंदींतली लिंग-वचनाची घरं पाहा. जीएफ प्रत्येक शक्यतेसाठी वेगळा नियम तयार करतं. मालाला ३ लिंगं आणि २ वचनं म्हणजे ६ शक्यता. तीन माल एकत्र घेणाऱ्या फलाला ६ गुणिले ६ गुणिले ६, म्हणजे २१६ नियम. ज्या घराचा पुढे कुणी उपयोग करत नाही ते काढून टाका. ‘कांदा, बटाटा आणि तूर’ अशी यादी करायची असेल तर तीन माल एका फलात न घेता एकेक जोडत जा.

हे सगळं उभं राहिल्यावर नवा माल घालणं किती लहान काम होतं ते डाळिंबावर दाखवतो. अमूर्त व्याकरणात एक नाव. मराठीत एक ओळ: डाळिंब, नपुंसकलिंगी, अनेकवचन डाळिंबं, बाजारातलं वचन अनेक. सामान्यरूपं ‘डाळिंबा’ आणि ‘डाळिंबां’ फलच बनवतं. हिंदीत अनार, पुल्लिंगी. इंग्रजीत पॉमग्रॅनेट, आणखी काही नाही. पुन्हा बांधा, यादी काढा, आणि सोलापूरची ओळ वाचा: ‘सोलापुरात डाळिंबांची आवक घटली, पण भाव टिकून राहिले.’